ढिगाला लावलेला बोल

मावशीने एका बेकरीवाल्याशी चार वर्षं बोलणं टाकलं होतं. अंगाला लिदीचा वास येतो म्हणून त्याने एकदा तिला रांगेतून बाजूला उभं केलं, एवढंच कारण. चार वर्षं ती दोन गल्ल्या पलीकडून पाव आणायची आणि परतताना मुद्दाम त्याच्या दुकानासमोरून, पिशवी त्याला नीट दिसेल अशी धरून जायची. शेवटी बेकरीवाला दुकान विकून निघून गेला. मावशीला तेव्हा खरंच वाईट वाटलं, कारण तिचं अजून मन भरलं नव्हतं.

हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण तबेल्याच्या मॅनेजरला हे कुणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने तोंड उघडण्यापूर्वी दोनदा विचार केला असता.

तबेला शहराच्या कडेला होता. चौदा घोडे, मध्ये दगडी फरसबंदीचं अंगण, एका अंगाला खोगिरांची खोली, दुसऱ्या अंगाला मॅनेजरचं ऑफिस आणि मागच्या भिंतीशी लिदीचे ढीग. लोक स्वारी शिकायला यायचे, गुळगुळीत बूट घालून घोड्याच्या मानेवर हात फिरवायचे, फोटो काढायचे. घोड्याच्या दुसऱ्या टोकाकडे कुणी बघत नाही. पण ते टोक दिवसातून आठ-दहा वेळा आपलं काम चोख करतं. चौदा घोड्यांची लीद आणि तिच्यासोबत निघणारा ओला भुसा मिळून रोज दहाएक हातगाड्या व्हायच्या. एवढं सगळं रोज कुठेतरी गेलं पाहिजे. न गेलं तर महिन्याभरात लीद आत आणि घोडे बाहेर अशी गत व्हायची.

ही गत होऊ नये म्हणून मावशी होती. अठ्ठावीस वर्षं. सकाळी सहाला दाताळं हातात घेऊन ती पहिल्या घोड्याच्या खणात शिरायची. कोरडा भुसा दाताळ्यातून खाली गाळायचा, लीद तेवढी वर उचलायची, हे मनगटाचं कसब होतं. नव्या माणसाच्या हातून निम्मा चांगला भुसा लिदीबरोबर वाया जातो. मग हातगाडी, मग ढीग. ढीग तीन: ओला, फिरता आणि पक्का. ओल्यातलं फिरत्यात जायचं, फिरता दर आठवड्याला उलथून त्याच्या पोटातलं बाहेर आणि बाहेरचं पोटात करायचा, आणि सात-आठ महिन्यांनी त्याचा पक्का व्हायचा. ढिगाच्या पोटात किती ऊब आहे ते ती लोखंडी सळई खुपसून बघायची. सळई काढून तळव्यात धरायची. हात सोडावासा वाटला तर ढीग उलथायची वेळ झाली. पक्क्याची परीक्षा मुठीत: दाबलं की लाडू व्हायला हवा, आणि बोट लावलं की तो फुटायला हवा. वास मातीचा यायला हवा, घोड्याचा नाही.

हे पक्कं खत न्यायला भिंतीपलीकडचे वाफेवाले यायचे. कालव्याच्या काठी मोकळ्या जमिनीचे चाळीसएक तुकडे पाडलेले होते आणि लोक तिथे भाजी पिकवायचे. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आठला गेट उघडलं की त्यांच्या ढकलगाड्या, पोती आणि बादल्या रांगेत उभ्या. तबेल्याची घाण फुकटात जायची, त्यांना खत फुकटात मिळायचं. आणि मावशीला मिळायचं ते हे, की चाळीस माणसं 'मावशीचं खत' म्हणायची. तबेल्याचं खत कुणी म्हणत नसे. ती हे वरकरणी मनावर घ्यायची नाही. पण एखाद्याने चुकून तबेल्याचं म्हटलं, तर त्या दिवशी त्याचं पोतं जरा कमी भरायचं.

त्या वर्षी थंडी सरता सरता आक्रीत झालं. वाफ्यांतले टोमॅटो वर आले आणि त्यांची पानं आतल्या आत वळायला लागली, चिमुकल्या मुठी आवळाव्यात तशी. घेवडा वळला, वाटाणा वळला, बटाट्याचे शेंडे पिळवटले. मका मात्र मस्तपैकी उभा. सगळ्यांत मोठा फटका बसला तो मावशीच्या धाकट्या बहिणीला. नवऱ्याचं काम सुटल्यावर धाकटीने रोपं करून विकायचं ठरवलं होतं. घरामागच्या पडवीत तिने तीनशे टोमॅटोची रोपं वाढवली होती, सगळी मावशीच्या खतात. तीनशेच्या तीनशे वाकडी झाली.

गुरुवारी सगळे गेटवर जमले. कुणाच्या हातात उपटलेला टोमॅटो, कुणाच्या हातात घेवडा, धाकटीच्या हातात रोपांची अख्खी पेटी. गलका ऐकून मॅनेजर बाहेर आला. तीन वर्षांपूर्वी आलेला हा माणूस, बोलणं इस्त्री केल्यासारखं. त्याने एक रोप हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि अगदी सौम्य आवाजात म्हणाला, "मावशींचं आता वय झालंय. कच्चं खत पक्कं समजून देत असतील. यापुढे आम्ही लक्ष ठेवू."

चाळीस माणसांनी मावशीकडे पाहिलं. तिला एकेकाचा चेहरा दिसला, आणि प्रत्येक चेहऱ्यावर 'असेल बुवा' असं लिहिलेलं दिसलं. मग धाकटी बोलली. "वयाचं काही नाही. ताईने मुद्दाम केलंय. मला जमू नये म्हणून मुद्दाम कच्चं दिलं."

ती पेटी तिथेच टाकून निघून गेली. त्या दिवसापासून धाकटीने बहिणीसाठी दार उघडलं नाही. मावशी दोनदा जाऊन आली. आत भांड्यांचा आवाज येत होता, पण दार बंदच. वाफेवाले मात्र वाफ्याच्या कोपऱ्यात अजून मुरवू म्हणत खत नेतच राहिले.

मावशी रडली नाही. रडणं तिच्या स्वभावात नव्हतं, डूख धरणं होतं. मॅनेजरचं ते वाक्य तिने मनात घोळवून घोळवून इतकं गुळगुळीत केलं की कुठल्याही कामात ते आपोआप जिभेवर यायचं. मावशींचं आता वय झालंय. लीद उचलताना. मावशींचं आता वय झालंय. ढीग उलथताना. हा शब्द त्याला परत गिळायला लावायचा, बोलला त्याच जागी, त्याच माणसांसमोर, आणि धाकटीच्या देखत, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवलं. कसं ते मात्र ठाऊक नव्हतं.

खत पक्कं होतं हे तिला माहीत होतं. मग बिघडलं काय? खोगिरांच्या खोलीमागे तिने फुटक्या बादल्या मांडल्या आणि त्यांत घेवड्याचे दाणे पेरले. एकीत नुसती माती. एकीत पक्क्या ढिगातलं खत, एकीत फिरत्यातलं, एकीत आजची ताजी लीद. आणि एकीत स्वतःच्या खिडकीतल्या कुंड्यांसाठी दोन वर्षांपूर्वी राखून ठेवलेल्या पोत्यातलं खत. तीन आठवड्यांनी निकाल लागला. माती आणि जुनं पोतं सोडून सगळीकडची पानं वळलेली. म्हणजे ओलं असो की मुरलेलं, या वर्षीचं सगळंच बाधलेलं होतं. मुरवून मुरवून घोड्याच्या पोटातलं सगळं विरतं यावर तिची अठ्ठावीस वर्षं उभी होती. इथे काहीतरी असं होतं जे विरतच नव्हतं.

मग तिने एकेका घोड्याची लीद वेगळी घेतली. चौदा घोड्यांच्या चौदा बादल्या. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार तिची टिंगल करायला लागले की मावशी आता घोड्यांची शाळा काढणार. पुन्हा तीन आठवडे. तेरा बादल्यांतला घेवडा वळला. चौदाव्या बादलीत मात्र पानं जराशी पिवळट, पण सरळ, हाताचा पंजा उघडावा तशी. ती बादली होती दात पडलेल्या म्हाताऱ्या घोडीची.

मावशी घोडीच्या खणासमोर जाऊन उभी राहिली. घोडी भिजवलेला कोंडा चघळत होती. दात नाहीत म्हणून तिला वाळलं गवत देत नव्हते. बाकी तेरा घोडे गवत खात होते, आणि ते गवत गेल्या वर्षीपासून नव्या माणसाकडून येत होतं. मावशीने घोडीच्या नाकाडावरून हात फिरवला. त्या दिवशी कित्येक दिवसांनी ती पोटभर जेवली.

गवतवाला मंगळवारी आला. तो गठ्ठे उतरवत असताना मावशी दोन बादल्या घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली, एक घोडीची आणि एक दुसऱ्या घोड्याची.

"हे ओळखता का हो?"

गवतवाल्याने वळलेली पानं पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "ही लीद भाजीला घातलीत तुम्ही?"

"घालू नये?"

"अहो, आमच्या कुरणात रुंद पानाचं तण फार माजतं. त्याच्यावर औषध मारतो. गवताला काही होत नाही, घोड्याला काही होत नाही. पण ते तसंच्या तसं लिदीत उतरतं, आणि ढिगात वर्षभर ठेवलं तरी जात नाही. मी पहिल्याच खेपेला साहेबांना कागद दिलाय की या गवताची लीद भाजीपाल्याला देऊ नका. सही घेतलीय त्यांची."

"कागद आहे तुमच्याकडे?"

"गाडीत आहे. दाखवू?"

मावशीने कागद वाचला. खाली मॅनेजरची सही होती, नीटनेटकी, तिच्याखाली सरळ रेघ. तिला सगळं लख्ख दिसलं. वाफेवाल्यांना सांगितलं असतं तर ते खत न्यायचे थांबले असते, आणि रोजच्या दहा हातगाड्या कुठे टाकायच्या हा प्रश्न त्याच्या टेबलावर येऊन पडला असता. म्हणून तो मूग गिळून बसला. आणि झाडं वाकडी झाल्यावर समोर आयती म्हातारी सापडली. गवतवाल्याकडून मागून घेतलेली कागदाची प्रत तिने घडी करून अंगरख्याच्या आतल्या खिशात ठेवली. रागाने तिचे कान तापले होते, पण हातपाय अगदी गार होते. असा राग तिला फार आवडायचा.

दुसरी कुणी असती तर तिने तडक ऑफिसात जाऊन कागद त्याच्या तोंडावर फेकला असता. मावशी संध्याकाळी कामावरून सुटून वाफ्यांवर गेली. रोज पाच-सहा जणांकडे, दोन बादल्या आणि एक कागद घेऊन. आठवड्यात चाळीस तुकडे झाले. एक निवृत्त ड्रायव्हर तर इतका भडकला की ऑफिसच्या काचा फोडायला निघाला. मावशीने त्याची बाही धरली.

"काच फोडून काय होणार? दोन दिवसांत नवी बसते. तुम्ही फक्त येऊ नका."

"म्हणजे?"

"लीद न्यायला येऊ नका. कुणीच. आणि का येत नाही ते त्याला सांगू नका."

सोमवारी आठला गेट उघडलं आणि समोर कुणी नव्हतं. गुरुवारीही नाही. मावशी रोजच्यासारखी सहाला यायची, खण साफ करायची, दहा हातगाड्या ढिगावर नेऊन ओतायची. कामात कुठे खोट काढायला जागा नाही. मागची भिंत भरली. मग बाजूची भिंत भरली. लीद वाटेत ठेवायची नाही, भिंतीलगतच ठेवायची, हा नियम मॅनेजरनेच केलेला, लेखी. आता भिंत उरली होती ती ऑफिसची. मावशीने नियम पाळला.

तिसऱ्या आठवड्यात ढीग ऑफिसच्या खिडकीच्या चौकटीला लागला. सकाळच्या गारव्यात त्यातून वाफा निघायच्या आणि काचेवर ओल धरायची. माश्या आत शिरायला लागल्या. तपकिरी पाणी झिरपत झिरपत ऑफिसच्या पायरीपर्यंत आलं. आणि वीस दिवसांवर तबेल्यात घोडेस्वारीची स्पर्धा होती. बाहेरगावचे घोडे, मालक, त्यांची कुटुंबं येणार होती.

मॅनेजर नाकाला रुमाल लावून बाहेर आला. "मावशी, हे लोक येत का नाहीत हल्ली?"

"माझं खत कच्चं असतं ना, साहेब."

मावशीने हातगाडी उचलली आणि चाक मुद्दाम कुरकुरवत पुढे गेली. खरं सांगायचं तर अठ्ठावीस वर्षांत इतक्या आनंदाने तिने लीद कधीच उचलली नव्हती. घरी गेल्यावरसुद्धा तिला उद्याच्या दहा गाड्या दिसायच्या, आणि त्यांच्या वर त्याच्या खिडकीची राहिलेली वीतभर काच.

एक दिवस मात्र तिची परीक्षा झाली. ऑफिसच्या भिंतीशी रचलेल्या ढिगात तिने सळई खुपसली, आणि काढली तर ती धरवेना. ढीग आतून धुमसायच्या बेतात होता. तसाच सोडला असता तर तीन-चार दिवसांत ऑफिस, कागदपत्रं, इस्त्रीचे शर्ट, सगळं स्वाहा. आणि तिच्याकडे बोट दाखवायला कुणी नव्हतं. ढीग आपोआप पेटतात हे सगळ्यांना माहीत होतं. सळई हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. पण ऑफिसच्या पलीकडच्या भिंतीला म्हाताऱ्या घोडीचा खण होता, आणि घोड्यांनी तिचं काही वाकडं केलेलं नव्हतं. शिव्या घालत, घाम पुसत तिने अख्खा ढीग उलथला. दुपारी जेवणही झालं नाही. हा राग तिने मॅनेजरच्याच खात्यावर मांडला.

मॅनेजरने लॉरीवाल्यांना फोन केले. लॉरीवाले विचारायचे, नेऊन टाकायची कुठे? शहराचा कचरा डेपो लीद घेत नव्हता. शेतकऱ्यांपर्यंत बातमी पोचलेली होती. स्पर्धेला आठ दिवस उरले आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मावशी दाताळं धूत असताना तो तिच्याजवळ आला. आवाज सौम्यच होता, पण इस्त्री मोडलेली.

"काय हवंय तुम्हाला, मावशी? हलकं काम देऊ? तिकिटाच्या खिडकीवर बसा."

मावशीने खिशातून कागद काढून उलगडला. त्याने स्वतःची सही ओळखली.

"गुरुवारी सकाळी आठ," ती म्हणाली. "गेटवर. त्या दिवशी उभे होतात तिथेच. मी बोलावते सगळ्यांना."

"मी माफी मागतो ना. आत्ता मागतो."

"आत्ता मला ऐकू येत नाही. वय झालंय."

गुरुवारी चाळीसच्या चाळीस आले. मावशीने धाकटीलाही निरोप धाडला होता, शेजारणीच्या हातून, वेळेसकट. मॅनेजर गेटवर उभा राहिला आणि जमिनीकडे बघत पुटपुटला. मावशी म्हणाली, "मागच्यांना ऐकू आलं नाही." त्याने पुन्हा सांगितलं: गवतावर औषध होतं, त्याला आधीच माहीत होतं, त्याने लपवलं, मावशींचं खत पक्कं होतं, चूक त्यांची नव्हती. या वेळी आवाज कालव्यापर्यंत गेला. मग मावशीच्या अटीप्रमाणे गवतवाला बदलायचं त्याने कबूल केलं. बाधलेली लीद वाफेवाले आपल्या गाड्यांनी पलीकडच्या मक्याच्या शेतावर नेणार होते, कारण मक्याला तिचा त्रास नव्हता. निवृत्त ड्रायव्हरने टाळी वाजवली. मावशी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. तिला हवा असलेला एकच चेहरा तिथे नव्हता.

संध्याकाळी ती धाकटीकडे गेली. या वेळी दार उघडलं. धाकटी पडवीत नवीन बी पेरत होती. पेट्यांत नुसती माती होती.

"आली नाहीस सकाळी," मावशी म्हणाली. "सगळ्यांसमोर बोलला तो. दोनदा बोलायला लावलं मी. माझं खत कच्चं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? कच्च्याने पानं पिवळी पडतात, ताई, वळत नाहीत. मी पहिल्याच दिवशी मूठ दाबून पाहिली होती. पक्कं होतं."

मावशी खाली बसली. "मग मुद्दाम दिलं असं का म्हणालीस? चाळीस माणसांसमोर?"

धाकटीने बोटाने मातीत एक खळगा केला, त्यात बी टाकलं आणि वर माती ओढली. "तू काय म्हणालीस? तो मॅनेजर बाहेर यायच्या आधी. मी पेटी तुझ्यासमोर धरली तेव्हा."

त्या गुरुवारचं सगळं मावशीने वाफ्यांवर चाळीस वेळा सांगितलं होतं, मॅनेजरच्या वाक्यापासून सुरुवात करून. त्याच्या आधीचं तिने एकदाही सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही. धाकटी पेटी घेऊन सगळ्यांत पुढे आली होती, रडकुंडीला आलेली, आणि मावशीने पेटीत एक नजर टाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं होतं, "पाणी ओतून ओतून मारलीस ना? तरी मी सांगत होते, हे तुझं काम नव्हे." चार-पाच जण हसलेही होते.

मावशीला लाज वाटली. लाज वाटायची सवय नसल्यामुळे तिला आधी कळलंच नाही की हे काय होतंय. तिला वाटलं, चालून आल्यामुळे छातीत धडधडतंय.

"चुकलं माझं," ती शेवटी म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून धाकटीने जन्मात ऐकले नव्हते.

"इथे नको," धाकटी म्हणाली. "इथे मी एकटीच आहे."

"मग कुठे म्हणू?"

"तू त्याला कुठे म्हणायला लावलंस?"

मावशीने बहिणीकडे पाहिलं. धाकटीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. महिनोन्‌महिने जपून ठेवलेली, चवीचवीने खाल्लेली अशी एक शांत तृप्ती होती, आणि मावशी ती चांगलीच ओळखत होती. रोज सकाळी हातगाडी ढकलताना तीच तृप्ती तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असायची.

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. "सोमवारी ये. आठला. सगळे मक्याच्या शेतावर लीद न्यायला येणार आहेत." दारापाशी जाऊन ती थांबली. "पण एकदाच म्हणेन. दोनदा म्हणायला लावू नकोस."

"लावणार," धाकटी म्हणाली, आणि पुढच्या खळग्यात बी टाकलं.